नौदलातून निवृत्त वडील, पंधरा वर्षांनी ॲस्बेस्टॉसचा आजार: डिसॅबिलिटी पेन्शन मिळते का?

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे वडील (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) १९७४ साली नौदलात भरती झाले. इंजिनीयरिंग शाखा. लोणावळ्याला प्रशिक्षण, मग १९७७ ते ८९ बहुतेक काळ वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर, बॉयलर रूममध्ये. नंतर किनाऱ्यावर. ३१ ऑगस्ट २००९ ला मास्टर चीफ म्हणून निवृत्त झाले. तेव्हाच्या मेडिकल बोर्डात एकदम ठणठणीत.

२०१४ मध्ये कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली. एका खासगी दवाखान्यात टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकी दोनदा तपासली, दोन्हीदा निगेटिव्ह, तरी गोळ्या चालूच. फरक शून्य. 'वय झालं' म्हणून नानांनीच विषय मिटवला. गेल्या डिसेंबरात जिन्याच्या सातव्या पायरीवर बसले ते उठेचनात. एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) झाली. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी फायब्रोसिस (वण) आणि आवरणावर कॅल्शियमचे पट्टे. डॉक्टरांनी सहज विचारलं, 'ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का?' नाना म्हणाले, 'काम? त्यातच झोपायचो आम्ही.'

पेन्शन चालू आहे, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्डही आहे, त्यामुळे उपचाराची अडचण नाही. प्रश्न असा: हा आजार नोकरीमुळे झाला हे मान्य करून घेऊन डिसॅबिलिटी पेन्शन मिळवता येते का? एका कार्यालयात विचारायला गेले तर समोरचे गृहस्थ म्हणाले, 'मॅडम, पंधरा वर्षं झाली. विसरा.' विसरायचं का?

सुभेदार_सातारकर
ताई, अजिबात विसरायचं नाही. खिडकीवरचा माणूस तोंडी बोलला त्याला आम्ही नकार धरत नाही. नकार कागदावर मागायचा, त्यावर जावक क्रमांक हवा.

मी स्वतः लष्करातून सुभेदार म्हणून आलो, पाठीच्या दुखण्याची डिसॅबिलिटी मला सहा वर्षं भांडून मिळाली. एक सांगतो, तुमच्या वडिलांच्या फाईलवर पहिला शेरा येणार तो 'नाना'.

खाडीपलीकडची
काका, समजलं नाही. नाना तर त्यांना आम्ही घरी म्हणतो.

सुभेदार_सातारकर
हा हा. अहो 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड'. म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. त्याची आद्याक्षरं घेतली की नाना. माजी सैनिकांच्या कट्ट्यावर कुणी तोंड पाडून आला की पहिला प्रश्न हाच, 'काय रे, नाना लागला का?'

टोमणे_मास्तर
म्हणजे या केसमध्ये अर्जदार नाना, शेरा नाना आणि निकाल लागेपर्यंत धागाकर्ती आजी.

(ताई, राग मानू नका. वाचतोय, खुर्ची टाकून बसलोय.)

वकीलबाई
सुभेदारसाहेबांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. थोडं सविस्तर लिहिते.

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग, सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. तुमच्या वडिलांना नोकरीचं पूर्ण पेन्शन आहेच, तेव्हा भांडण आहे ते दुसऱ्या भागाचं. त्याला दोन अटी. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते सैनिकी सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं हवं. दुसऱ्या अटीवरच सगळे अडकतात.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, नंतर सेवेत तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असं धरायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. संशयाचा फायदा सैनिकाला.

पण तो माणूस सेवेत असताना आजारी पडला होता. तुमचे वडील धडधाकट बाहेर पडले. म्हणजे तुमची वाट वेगळी. २००८ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये निवृत्तीनंतरच्या दाव्यांचं कलम आहे. निवृत्तीच्या वेळी नसलेला आजार त्यानंतर ७ वर्षांच्या आत उद्भवला, आणि त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीनेच झाली होती, तो फक्त उशिरा दिसला, असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवलं, तर तो सेवेमुळे झालेला मानता येतो.

२००९ अधिक ७ म्हणजे २०१६. तुमचं निदान २०२४ चं. खिडकीवरच्या माणसाला हे कलम माहीत होतं की नाही देव जाणे, पण कागदावर नकार आला तर याच आधारावर येईल.

दमसास
मी छातीविकाराचा डॉक्टर. वकीलबाईंनी लिहिलेला सात वर्षांचा आकडा वाचून हसावं की रडावं कळेना.

ॲस्बेस्टॉसचा तंतू इतका बारीक की दिसत नाही. श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. शरीर त्याला ना विरघळवू शकत ना बाहेर टाकू शकत. पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, तिथे वण तयार होतो. हे वर्षानुवर्षं गुपचूप चालू असतं. ॲस्बेस्टोसिस, म्हणजे या वणांचा आजार, दिसायला पहिल्या संपर्कापासून साधारण १० ते २० वर्षं किंवा जास्त लागतात. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, त्याला तर ३० ते ४० वर्षंही लागतात. विशीत बॉयलर रूममध्ये काम केलेला खलाशी साठीत आजारी पडतो. नियमाचं घड्याळ निवृत्तीच्या दिवशी सुरू होतं, आजाराचं कधीच सुरू झालेलं असतं. दोघांची गाठ पडायची कशी?

ताई, दोन गोष्टी लगेच सांगा. डिस्चार्ज कार्डवर निदान नेमकं काय लिहिलंय, शब्द न् शब्द? आणि २०१४ मध्ये टीबी म्हणून जो एक्सरे काढला होता, ती फिल्म आहे का? रिपोर्ट नकोय मला, फिल्म.

खाडीपलीकडची
कार्डवर 'आयएलडी (म्हणे फुफ्फुसांच्या जाळीचा आजार), इडिओपॅथिक' असं आहे. ॲस्बेस्टॉस हा शब्दच नाही. डॉक्टर तोंडी मात्र तेच म्हणाले.

एक्सरेचं आईला विचारते. तिच्याकडे १९९१ चं रेशनकार्ड सापडतं, तर हेही सापडेल.

दमसास
तो 'इडिओपॅथिक' शब्द आधी बदलून घ्या. इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलं नाही. बारा वर्षं बॉयलर रूममध्ये होते हे केसपेपरवर कुणी लिहिलंच नाही, तर कारण सापडणार कुठून? बोर्डासमोर तो शब्द गेला की संपलं, ते म्हणतील कारण तुमच्याच डॉक्टरांना माहीत नाही.

डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात कामाचा इतिहास सालवार, सीटीत काय दिसलं, स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ या फुफ्फुसाच्या चाचण्यांचे आकडे, आणि शेवटी स्पष्ट निदान. बायोप्सीचा हट्ट कुणी धरला तर सरळ नाही म्हणा. संपर्काचा इतिहास आणि सीटीतलं चित्र जुळलं तर ॲस्बेस्टोसिसला बायोप्सी लागत नाही.

शंकासुर
मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो, शिव्या नंतर द्या.

२००९ नंतर नाना घरीच बसून होते का? इंजिनीयरिंगचे खलाशी निवृत्तीनंतर कुठेतरी बॉयलरवरच लागतात असा माझा अनुभव. तसं असेल तर धूळ नौदलातली की नंतरची, हे कोण ठरवणार? आणि सिगारेट? त्या काळचा खलाशी सिगारेट ओढत नसेल तर मी मिशी काढतो. करदात्यांच्या पैशातून प्रत्येक म्हातारपणाच्या खोकल्याला पेन्शन द्यायची का?

टोमणे_मास्तर
मिशी आहे याचा पुरावा आधी जोडा. साक्षांकित प्रत.

खाडीपलीकडची
शंकासुर, शिव्या नाही देत. विचारलंत ते बरं झालं, कारण तिथेही हेच विचारतील.

हो, २०१० ते १६ सहा गळीत हंगाम नाना एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तिथे बॉयलरच्या दाराला ॲस्बेस्टॉसचा दोर असायचा, असं तेच सांगतात. सिगारेट होती, १९९५ ला सोडली. तुमची मिशी वाचली.

सुभेदार_सातारकर
आता पंचाईत झाली. कारखान्याचं कशाला सांगितलंत ताई?

वकीलबाई
सुभेदारसाहेब, लपवायचा विचारही नको. पीएफच्या नोंदीत दिसणारच. लपवलेलं उघडं पडलं की खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागतं.

निळी_टोपी
या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मीही इंजिन रूमवाला, १९७९ ची भरती.

ज्यांनी वाफेचं जहाज आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी. बॉयलर रूममध्ये वाफेचे पाईप माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि प्रत्येकावर पांढरं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण, वरून कापड शिवलेलं आणि रंग दिलेला. नवं असतं तोवर सुरेख दिसतं. पण जहाज थरथरतं, माणसं त्यावर पाय देऊन चढतात, कापड फाटतं. व्हॉल्व्ह गळायला लागला की लॅगिंग फोडायचं, फ्लँज (पाईपांचा जोड) उघडायचा, त्यातलं जुनं गॅस्केट पटाशीने खरवडून काढायचं, नवं कापून बसवायचं. फोडलेलं लॅगिंग पायाखाली. रिफिटच्या (मोठ्या दुरुस्तीच्या) वेळी तर कंपार्टमेंटमध्ये पिठाची गिरणी चालू असल्यासारखं व्हायचं, घामावर ती पांढरी पूड चिकटायची आणि अंग खाजायचं. तोंडाला फार तर रुमाल. आमचा चीफ गमतीने म्हणायचा, 'पावडर लावून तयार झालात, आता नाचायला चला.' झोपायची जागाही पाईपांखालीच. 'त्यातच झोपायचो' हे नानांचं वाक्य शब्दशः खरं आहे.

कुणाला दोष देत नाही. जगातल्या सगळ्या आरमारांत तेव्हा हेच होतं. आग आणि उष्णता अडवायला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं. अमेरिकन नौदलाचे प्रमुख राहिलेले ॲडमिरल झुमवॉल्ट २००० साली मेसोथेलिओमानेच गेले. तंतू हुद्दा बघत नाही.

गोदीकामगाराचा_नातू
निळी_टोपी, अंगावर काटा आला. माझे आजोबा गोदीत लॅगर होते, तुमच्या त्या पाईपांवर लॅगिंग चढवणारे. आजी सांगते, ते बादलीत पूड आणि पाणी घालून कणीक मळावी तसं हाताने मळायचे. संध्याकाळी घरी आले की आजी त्यांचे कपडे आधी गॅलरीत झटकायची आणि मग भिजवायची.

आजोबा ६१ व्या वर्षी गेले, दाखल्यावर 'श्वसनक्रिया बंद पडून'. आजी आता ८४ ची. तिच्या एक्सरेतही तेच पट्टे आहेत. ती गोदीच्या दारात कधी गेली नाही.

दमसास
नातू, तुमच्या आजींसारख्या बायका जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. नवऱ्याचे कपडे धुतले एवढाच त्यांचा संपर्क.

वकीलबाई
आणि त्यांच्यासाठी कुठल्याही नियमात रकाना नाही.

नातू, तुमच्या आजोबांचं प्रकरण वेगळ्या खात्यात पडतं. गोदीतले मुलकी कामगार सैनिक नसतात, त्यांना केंद्र सरकारचे एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शनचे नियम. उलट, कारखान्यातल्या कामगाराला नुकसानभरपाईचा जो कायदा आहे त्याच्या यादीत ॲस्बेस्टोसिस नाव घेऊन आहे, पण सेनादलातला माणूस त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेला. कारखान्यातल्या कामगाराचा आजार यादीत, खलाशाला तो सिद्ध करून दाखवावा लागतो.

२७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर सांभाळा. म्हणजे हा आजार किती उशिरा उगवतो हे न्यायालयाला तीस वर्षांपूर्वी कळलं होतं. तो निकाल उद्योगांबद्दलचा आहे, पण अपिलात तर्क म्हणून जरूर वापरा.

पत्र्याखाली
थोडं अवांतर. आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, ३० वर्षं जुने. हे वाचून झोप उडाली. काढून टाकू का?

दमसास
धड असतील, फुटले नसतील तर त्यांना हात लावू नका. घासणं, कापणं, ड्रिल मारणं, वर चढून झाडू मारणं हे नको. काढायचेच झाले तर ओले करून अख्खे उतरवायचे, फोडायचे नाहीत. धोका सुट्या तंतूंचा आहे, सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्यांचा नाही.

पत्र्याखाली
गेल्या दिवाळीत अँटेनासाठी ड्रिल मारलं होतं. 😟

दमसास
एका भोकाने काही होत नाही. झोपा.

टोमणे_मास्तर
आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना १९८६ पासून नवीन परवाने नाहीत, पण बाहेरून आणून पत्रे करायला मुभा. घरचं विष नको, आयात केलेलं चालेल.

आणि ते फ्रेंच विमानवाहू जहाज आठवतं का, क्लेमॉन्सो? २००५ च्या शेवटी भंगारात तोडायला गुजरातेत अलंगला निघालं होतं. ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सने परत बोलावलं, शेवटी इंग्लंडमध्ये तोडलं. अख्खं जहाज माघारी गेलं आणि इथे एक अर्ज पुढे सरकत नाही.

अटलांटिकपार
मी अमेरिकेत असतो. शेजारचे आजोबा १९६० च्या दशकात अमेरिकन नौदलात बॉयलर टेक्निशियन होते, त्यांची कागदपत्रं भरायला मी मदत केली, म्हणून तिथलं सांगतो.

तिकडे व्हीए नावाचं खातं आहे, माजी सैनिकांसाठीच. निवृत्तीनंतर किती वर्षांनी आजार आला यावर या दाव्याला मुदत नाही, चाळीस वर्षांनीही अर्ज करता येतो. तीन गोष्टी लागतात: निदान, सेवेत ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्याचा पुरावा, आणि दोन्हींचा संबंध जोडणारं डॉक्टरांचं पत्र. तिसरी गोष्ट नसली की अर्ज हमखास परत. पण संपर्काच्या पुराव्यासाठी नौदलातल्या कामांचा तक्ताच आहे, कुठल्या कामात संपर्काची शक्यता किती. बॉयलर टेक्निशियनच्या पुढे 'अत्यंत संभाव्य' असं लिहिलेलंच आहे. आजोबांना धूळ सिद्ध करावी लागली नाही, आपण त्या कामावर होतो एवढंच दाखवावं लागलं.

ॲस्बेस्टोसिसला फुफ्फुसाच्या चाचणीच्या आकड्यांवरून टक्केवारी ठरते, मेसोथेलिओमा असेल तर सरळ १०० टक्के. २०२५ मध्ये १०० टक्क्यांचे, एकट्या माणसाला, महिन्याला ३,८०० डॉलरच्या वर, करमुक्त.

तिथेही सगळं गोड नाही. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने विषारी धुराच्या कितीतरी आजारांना 'सेवेमुळेच झाला असं गृहीत धरा' हे छत्र दिलं. ॲस्बेस्टॉस त्या छत्राबाहेर. आणि सैनिकाला सेवेतल्या इजेसाठी सरकारवर दावा लावता येत नाही, १९५० च्या निकालापासून. मग ते ॲस्बेस्टॉस विकणाऱ्या कंपन्यांना धरतात. दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांचे भरपाईसाठी वेगळे न्यास आहेत.

सुभेदार_सातारकर
तो तक्ता आपल्याकडे हवा होता. शाखा बघ, साल बघ, शिक्का मार.

अटलांटिकपार
तेच. ब्रिटनमध्येही मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना २०१६ पासून एकरकमी १,४०,००० पौंडांचा पर्याय आहे. त्याआधी त्यांना दरमहाची वॉर पेन्शन मिळे. आजार असा की महिने मोजायला माणूस उरत नाही, म्हणून एकरकमी.

शंकासुर
अमेरिका, ब्रिटन ठीक. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. साखर कारखाना.

खाडीपलीकडची
फिल्म सापडली!!! आईने गादीखाली ठेवली होती, सपाट राहावी म्हणून. तारीख मार्च २०१४. खिडकीच्या काचेला लावून फोटो काढलाय. दमसास, व्यक्तिगत निरोपात पाठवते.

दमसास
बघितली. मोबाईलच्या फोटोवर मी निदान देत नाही, तुमच्या डॉक्टरांना मूळ फिल्म दाखवाच. पण जे दिसतंय ते सांगतो.

टीबी बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात बसतो. इथे वरचा भाग स्वच्छ आहे. जाळी आहे ती तळाशी, दोन्ही बाजूंना. आणि दोन्ही श्वासपटलांवर चुन्याची रेघ ओढल्यासारखं कॅल्शियम आहे. श्वासपटलावर, दोन्ही बाजूंना, असं कॅल्शियम दिसलं की छातीच्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव ॲस्बेस्टॉसचंच येतं. म्हणजे आजार २०२४ ला उद्भवला नाही. २०१४ ला तो फिल्मवर होता, वाचला गेला नाही इतकंच. निवृत्ती ऑगस्ट २००९, फिल्म मार्च २०१४. चार वर्षं सात महिने.

आता शंकासुर, तुमचा साखर कारखाना. त्या पट्ट्यांत कॅल्शियम साचायला दोन दशकांच्या आसपास लागतात. २०१० च्या हंगामात घेतलेल्या धुळीचं कॅल्शियम २०१४ ला दिसूच शकत नाही. २०१४ मधून २० वजा केले की १९९४. तेव्हा आणि त्याआधी नाना कुठे होते?

सिगारेटचंही सांगतो. सिगारेटने हे पट्टे येत नाहीत. ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कित्येक पटींनी वाढतो, तेव्हा १९९५ ला सोडली हे उत्तम केलं. पट्ट्यांनी स्वतः धाप लागत नाही, धाप फायब्रोसिसने लागते. टक्केवारी फायब्रोसिसची मागायची. पट्टे फक्त साक्षीदार.

शंकासुर
हं. हे उत्तर झालं. मागे घेतो.

(मिशी ठेवतो.)

वकीलबाई
दमसास, वाहवा. नियमात शब्द 'उद्भवला' असा आहे, 'निदान झालं' असा नाही. सगळा अर्ज याच एका शब्दावर उभा करायचा. आता ताई, क्रमाने.

मानखुर्दला कॅब्स, म्हणजे खलाशांचं रेकॉर्ड ऑफिस, तिथून माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागवा: कुठल्या जहाजावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या तपासणीची) पूर्ण प्रत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. त्याची वाट बघत अर्ज अडवू नका. अर्जात निवृत्तीनंतरच्या दाव्याच्या कलमाखाली मेडिकल बोर्ड बसवा अशी स्पष्ट मागणी करा. नुसतं 'पेन्शन द्या' लिहिलंत तर नुसतं 'नाही' येईल. नकार आला तर पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, मुंबईला खंडपीठ आहे. तिथे वकील न देता स्वतःही उभं राहता येतं. थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे. म्हणून उशीर नको.

पत्र्याखाली
पण एवढं करून मिळणार किती? (२०२३ मध्ये नवीन नियम आले, त्यात 'इम्पेअरमेंट रिलीफ' आहे असं वाचलं.)

वकीलबाई
ते २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे बाहेर पडणाऱ्यांना. नानांना २००८ चेच.

रकमेचं सांगते. १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. समजा शेवटचा पगार २४,००० होता, तर १०० टक्क्यांना ७,२००. बोर्डाने ४० टक्के दिले तर ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याच्या नियमाने, ते ५० धरायचे, म्हणजे ३,६००, वर महागाई भत्ता, आणि वेतन आयोगाप्रमाणे सुधारणा. हे राउंडिंग नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू, २०१४ चा राम अवतार निकाल. यात बंगला होत नाही.

सुभेदार_सातारकर
बंगल्याचं कोण बोलतंय वकीलबाई. माझी डिसॅबिलिटी मंजूर झाली त्या दिवशी बायको म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही नाटक करताय असं तुमच्या कचेरीला वाटत होतं, ते आज थांबलं. पैसे किती आले ते तिने विचारलंच नाही. (दुसऱ्या दिवशी विचारलं.)

ताई, घरी लागलं तर ऑक्सिजनचं मशीन ईसीएचएसमधून मिळतं, पॉलिक्लिनिकात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा. त्याला नाना आडवा येत नाही, उपचार सगळ्यांनाच. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाची एक प्रत द्या, तिथली जुनी माणसं कधी कधी चांगला मसुदा करून देतात.

निळी_टोपी
बोर्डाला जहाजाच्या तारखा कळतील, पण नाना तिथे बॉयलर रूममध्येच होते आणि लॅगिंग फोडत होते हे कोण सांगणार? बरोबरच्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं लावा. जहाजाचं नाव, साल, कंपार्टमेंट, काय काम, तोंडाला काय बांधायचो, सगळं त्यात. 'चांगले गृहस्थ आहेत' छापाचं नको. आमच्या बॅचचे व्हॉट्सॲप गट आहेत, जहाजाचं नाव मला व्यक्तिगत कळवा, फिरवतो. पण लवकर. आमच्या गटात दर महिन्याला एकदोन जणांच्या फोटोला हार चढतो.

टोमणे_मास्तर
मी टिंगल करायला आलो होतो. माझे काकाही इंजिन रूमचे. खोकतात. उद्या फोन करतो.

खाडीपलीकडची
तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहीन.

डॉक्टरांनी मूळ फिल्म बघून नवीन पत्र दिलं. त्यात 'इडिओपॅथिक' नाही. निळी_टोपी यांच्यामुळे नानांबरोबरचे दोघं सापडले, एक कारवारला, एक भिवानीला. भिवानीवाल्या काकांना स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. त्यांनी फोनवर अर्धं वाक्य बोलून थांबायचं, मग नानांनी थांबायचं, असा दोघांचा तासभर फोन चालला. त्यात बोलणं वीस मिनिटांचं असेल. प्रतिज्ञापत्र त्यांच्या नातवाने नोटरी करून पाठवलं.

नानांना हे सगळं मुळात नको होतं. 'आरमाराने मला घडवलं, मी त्यांच्याकडे भरपाई मागू?' हे त्यांचं पालुपद. मी बरंच समजावलं. शेवटी भिवानीवाले काकाच त्यांना म्हणाले, 'मास्टर, तुझा पास झाला तर मी तुझी प्रत जोडून माझा टाकतो.' त्यानंतर सही झाली. सही करताना पेन थांबवून विचारलं, 'हुद्दा पूर्ण लिहिलास ना?'

अर्ज काल स्पीड पोस्टने गेला.

टोमणे_मास्तर
आता नाना विरुद्ध नाना. मी आमच्या नानांच्या बाजूने.

वकीलबाई
उत्तर काहीही आलं तरी इथे लिहा. नकार आला तर जास्तच लवकर लिहा.

सुभेदार_सातारकर
पोस्टाच्या पावतीची आजच झेरॉक्स काढा ताई. त्या कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.